स्टारगेट परतण्याची बातमी आणि ठाण्यातला एक चाहतागट: प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ठाणे आणि नवी मुंबईत पसरलेला तीसेक जणांचा हा गट. नोंदणी नाही, पदाधिकारी नाहीत. एक व्हॉट्सॲप ग्रुप, दोन-तीन महिन्यांतून एकदा नौपाड्यात किंवा वाशीत गाठभेट, आणि सगळ्यांना बांधून ठेवणारी एक आवड: ‘स्टारगेट’. निम्मी मंडळी ऐरोली-घणसोलीच्या आयटी कंपन्यांत नोकरीला, दोघी शाळेत शिकवणाऱ्या, आणि एक हौशी नाटकांची नेपथ्यं करण्यात हयात घालवलेले गृहस्थ, ज्यांना लहानथोर सगळे ‘काका’ म्हणतात. ग्रुपचं रोजचं काम पाहणाऱ्या बाईंना इथे ‘समन्वयक’ म्हटलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढले किंवा बदलले आहेत.

मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. 1994 साली रोलंड एमरिक आणि डीन डेव्हलिन यांचा ‘स्टारगेट’ चित्रपट आला. इजिप्तमध्ये जमिनीखाली सापडलेलं धातूचं प्रचंड कडं. त्यावरची चिन्हं योग्य क्रमाने जुळवली की दुसऱ्या ग्रहावरच्या तशाच कड्यापर्यंत वाट उघडते. त्यावरून जुलै 1997 मध्ये ‘स्टारगेट एसजी-1’ ही मालिका सुरू झाली आणि दहा पर्वं, 214 भाग चालली. 2004 ते 2009 ‘अटलांटिस’चे 100 भाग झाले, 2009 ते 2011 ‘युनिव्हर्स’चे 40. युनिव्हर्स गोष्ट अर्धी असतानाच बंद पडली. डेस्टिनी या अवकाशजहाजावरचे सगळे दीर्घ निद्रेत गेले, एली वॉलेस एकटा जागा राहिला, आणि मे 2011 मध्ये मालिका संपली.

त्यानंतर चाहत्यांच्या वाट्याला फारसं काही आलं नाही. 2014 मध्ये एमरिक आणि डेव्हलिन यांच्या नव्या चित्रपटत्रयीची घोषणा झाली. 2016 मध्ये ती बारगळल्याचं डेव्हलिन यांनीच सांगितलं. 2018 मध्ये ‘ओरिजिन्स’ ही दहा छोट्या भागांची वेबमालिका आली, पण तिने भूक भागली नाही. एसजी-1 च्या निर्मात्यांपैकी एक, ब्रॅड राइट, नव्या मालिकेच्या प्रयत्नात होते. मार्च 2022 मध्ये ॲमेझॉनने स्टारगेटचे हक्क असलेली एमजीएम ही चित्रसंस्था विकत घेण्याचा व्यवहार पुरा केला आणि सगळं पुन्हा नव्याने मांडलं गेलं. आशा लावून रिकाम्या हाताने परतण्याचा हा इतिहास लक्षात ठेवला की पुढे ठाण्यात जे घडलं ते नीट समजतं.

बातमी नेमकी काय होती

19 नोव्हेंबर 2025 ला नवी मालिका मंजूर झाल्याचं जाहीर झालं. प्राइम व्हिडिओसाठी, मार्टिन गेरो यांच्या हाताखाली. गेरो अटलांटिसच्या लेखकांपैकी, म्हणजे घरचेच. सल्लागार निर्माते म्हणून ब्रॅड राइट आणि जोसेफ मॅलोझी, कार्यकारी निर्मात्यांत एमरिक आणि डेव्हलिन. या घोषणेत कलाकारांची यादी नव्हती आणि प्रदर्शनाची तारीखही नव्हती.

ही बातमी किती पक्की होती ते पाहायला मालिकांच्या परतीच्या पायऱ्या ठाऊक हव्यात. पहिली पायरी ‘विचार सुरू आहे’. दुसरी, लेखक ठरला आणि संहिता लिहिली जाते आहे. तिसरी, नमुन्याचा एक भाग मागवला. चौथी, पूर्ण मालिकेला मंजुरी. पाचवी, चित्रीकरण. सहावी, तारीख. बहुतेक घोषणा पहिल्या दोन पायऱ्यांवर होतात आणि तिथेच विरून जातात. ‘बॅबिलॉन 5’ नव्याने करण्याची बातमी सप्टेंबर 2021 मध्ये आली होती, पण ज्या वाहिनीसाठी ती होती तिच्यावर मालिका कधीच आली नाही. स्टारगेटची बातमी चौथ्या पायरीवरची होती. म्हणजे आनंद साजरा करायला भक्कम कारण होतं, आणि सभागृह आगाऊ ठरवण्याइतकं मात्र हातात काहीच नव्हतं.

पहिले दोन दिवस

आपल्याकडे बातमी पोचेपर्यंत रात्र झाली होती. सकाळी सातपर्यंत ग्रुपवर इतके संदेश होते की समन्वयकांनी मूळ दुवा वर टाचून ठेवला तरी तो कुणी उघडत नव्हतं. जो तो दुसऱ्याच्या संदेशावर प्रतिक्रिया देत होता. दोन दिवसांत चार गोष्टी झाल्या आणि पुढचे सगळे प्रश्न यांतूनच निघाले.

पहिली, एक पोस्टर फिरलं. त्यावर प्रदर्शनाचा महिना, जुने चारही मुख्य कलाकार आणि झळाळतं कडं. ट्रान्सहार्बर लाइनवर ऑफिसला जाता जाता सदस्यांनी ते आपापल्या इतर ग्रुपवर पाठवलंसुद्धा. काकांनी ते मोठं करून पाहिलं आणि लिहिलं, “पोरांनो, शेव्रॉन मोजा.” शेव्रॉन म्हणजे कड्याच्या कडेवरच्या, पत्ता जुळवताना पेटणाऱ्या पाचरीसारख्या खुणा. पोस्टरवरच्या कड्याला अकरा शेव्रॉन होते. स्टारगेटला नऊ असतात. चित्र यंत्राकडून करवून घेतलेलं होतं हे तिथेच उघड झालं, पण तोवर ते कुठल्या कुठे गेलं होतं.

दुसरी, वाद पेटला: जुन्या गोष्टीचा पुढचा भाग की नवी सुरुवात? युनिव्हर्सच्या चाहत्यांचं म्हणणं, “एलीला जागा ठेवून नवं दार उघडणार असाल तर आम्हाला नको.” दुसरी बाजू म्हणत होती की 354 भागांचं ओझं नव्या प्रेक्षकाच्या डोक्यावर ठेवलंत तर मालिका एका पर्वात बंद पडेल. दोन जुने सदस्य ग्रुप सोडून गेले.

तिसरी, एका उत्साही सदस्याने ‘स्टारगेट डे’ ठरवून टाकला. घोडबंदर रोडवरच्या सोसायटीचं सभागृह, मोठा पडदा, सलग भाग, माणशी 300 रुपये. यूपीआयचा क्यूआर कोड ग्रुपवर पडला आणि पैसे त्याच्या वैयक्तिक खात्यात जमा होऊ लागले.

चौथी, लोक वाढले. मित्रांचे मित्र, ऑफिसातले सहकारी. ग्रुप तिप्पट झाला आणि त्यातल्या बहुतेकांनी एकही भाग पाहिलेला नव्हता. “ताई, सुरुवात कुठून करू?” हा प्रश्न रोज येऊ लागला आणि दर वेळी त्याला पाच वेगळी उत्तरं मिळत होती.

पहिला निर्णय: वाद मिटवायचा की वळवायचा

समन्वयकांपुढे तीन वाटा होत्या. विषयावर बंदी घालायची, मतदान घ्यायचं, किंवा वाद चालू ठेवून त्याला काही खाद्य पुरवायचं. बंदी घातली की वाद खासगी संदेशांत जातो आणि तिथे जास्त कडवट होतो. मतदानाने काय होणार? मालिका ठाण्यात लिहिली जात नाही.

तिसरी वाट घेतली. एका शिक्षिका सदस्याने परतलेल्या मालिकांचा तक्ता केला. ‘डॉक्टर हू’ डिसेंबर 1989 मध्ये थांबली, 1996 ला टीव्हीसाठीच्या चित्रपटाचा एक प्रयत्न झाला, आणि 26 मार्च 2005 ला ती परतली. गोष्ट जुनीच पुढे चालली होती, पण पहिला भाग लंडनमधल्या दुकानात काम करणाऱ्या रोझच्या नजरेतून दाखवला. डॉक्टर कोण हे तिला ठाऊक नाही, म्हणून नवा प्रेक्षकही तिच्याबरोबर शिकतो आणि जुन्याला काही पुसलं गेल्याचं दुःख होत नाही. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ने 2003 मध्ये उलट केलं: 1978 ची मालिका बाजूला ठेवून सगळं नव्याने मांडलं, स्टारबक हे पात्र स्त्री केलं. जुने चाहते संतापले, तरी पुढे तीच मालिका अनेकांची सर्वांत लाडकी ठरली. ‘स्टार ट्रेक’च्या 2009 च्या चित्रपटाने काळाचा फाटा काढून दोन्ही साधलं.

तक्त्याने कुणाचं मत बदललं नाही, पण बोलणं बदललं. “त्यांनी असं केलं तर वाटोळं” याच्या जागी “कुठल्या पद्धतीने केलं तर एलीची गोष्टही येईल आणि नव्या माणसालाही कळेल” असं लोक लिहू लागले. आमच्या मते या प्रकरणातली ही सर्वांत मोलाची चाल आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच नसतं त्यावरचा वाद थकून थांबतो किंवा फाटून थांबतो. त्याच प्रश्नाला जुनी उदाहरणं जोडली की तो अभ्यास होतो. सोडून गेलेल्या दोघांपैकी एक जण तक्ता वाचून परत आला.

दुसरा निर्णय: नव्यांना काय दाखवायचं

एसजी-1, अटलांटिस आणि युनिव्हर्स मिळून 354 भाग. भाग साधारण 43 मिनिटांचा धरला तर अडीचशेहून अधिक तास. आठवड्याला तीन भाग म्हटले तर सव्वादोन वर्षं. त्यामुळे ‘सगळं पाहा’ हा सल्ला बाद झाला, आणि ‘फक्त चित्रपट पाहा’ हाही. चित्रपट आणि मालिका यांच्यात फरक आहेत. चित्रपटात नायक कर्नल ओ’नीलचं आडनाव इंग्रजीत एका ‘एल’ने, मालिकेत दोन, ॲबिडॉस हा ग्रह चित्रपटात दूरच्या दीर्घिकेत, मालिकेत शेजारी. चित्रपटावर थांबलेल्याला मालिकेचा स्वभावच कळत नाही.

शेवटी दोन डझन भागांची निवड यादी झाली. ती करताना तीन ठिकाणी लोक अडखळतात, ते इथे सविस्तर देतो.

पहिला खड्डा पहिलाच भाग, ‘चिल्ड्रन ऑफ द गॉड्स’. मूळ दीर्घ भाग 1997 मध्ये सशुल्क वाहिनीवर दाखवला गेला आणि त्यात पूर्ण नग्नतेचं एक दृश्य आहे. पुढच्या मालिकेत असं काही नसल्यामुळे जुन्या चाहत्यांना ते आठवतही नाही. गटातल्या एकाने शेजारच्या कुटुंबाला “मुलांसोबत बघा, छान आहे” म्हणून हा भाग सुचवला आणि बिचाऱ्यांना रिमोट शोधायची वेळ आली. 2009 मध्ये निर्मात्यांनी या भागाची नवी संपादित आवृत्ती काढली, तीत ते दृश्य नाही. आपल्याकडे कोणती आहे ते मोठ्यांनी आधी एकट्याने पाहून घ्यावं.

दुसरा खड्डा पहिल्या पर्वाच्या सुरुवातीचा. ‘इमॅन्सिपेशन’ हा मंगोल वंशजांच्या टोळीचा भाग मालिकेतल्या सर्वांत कच्च्या भागांपैकी. क्रमाने बघणारे पुष्कळ जण तिथेच गळतात. तो सरळ वगळायचा. ‘द टॉर्मेंट ऑफ टॅन्टलस’पर्यंत नव्या माणसाला पोचवलं की मालिका पुढचं काम स्वतः करते. तिथे पहिल्यांदा कळतं की कड्यांचं जाळं एखाद्या खलनायकाच्या मालमत्तेपेक्षा कितीतरी मोठं आहे. दुसऱ्या पर्वातला ‘द फिफ्थ रेस’ आणि चौथ्यातला ‘विंडो ऑफ ऑपॉर्च्युनिटी’ हे यादीतले न चुकवायचे. ‘विंडो’मध्ये एकच दिवस पुन्हा पुन्हा येतो, आणि तो कुणालाही एकटाही दाखवता येतो.

तिसरा खड्डा क्रमाचा. ‘2010’ आणि ‘2001’ नावाचे दोन भाग आहेत. नावं पाहून लोक 2001 आधी लावतात. बरोबर क्रम उलटा: ‘2010’ चौथ्या पर्वात, ‘2001’ पाचव्यात, आणि दुसऱ्याची सगळी धास्ती पहिला पाहिला असेल तरच लागते. तसंच अटलांटिसचं: एसजी-1 च्या आठव्या पर्वातला ‘न्यू ऑर्डर’ हा दुहेरी भाग आधी, मग अटलांटिसचा ‘रायझिंग’. तिथून पुढे दोन्ही मालिकांची पर्वं वीस-वीस भागांची असल्याने एक इकडचा, एक तिकडचा असं आलटून पालटून पाहता येतं. ‘द आर्क ऑफ ट्रुथ’ हा 2008 चा चित्रपट अटलांटिसच्या चौथ्या पर्वाआधी पाहावा. युनिव्हर्स सगळ्यात शेवटी आणि सलग. तिच्यात वेचे काढून चालत नाही.

रहस्यभेदाचा, म्हणजे न पाहिलेल्या भागांची गोष्ट आधीच फुटण्याचा, प्रश्न यादीने सुटत नाही. व्हॉट्सॲपवर रिकाम्या ओळी सोडून मजकूर खाली ढकलण्याची युक्ती करून पाहिली, पण उत्तर देणारे मूळ वाक्य उद्धृत करत आणि सगळं पुन्हा वर येई. पाचव्या पर्वाचा शेवट एका नव्या मुलीला असाच कळला. मग चर्चा टेलिग्रामवर नेली. तिथे मजकूर झाकण्याची सोय आहे आणि पर्वानुसार वेगळे विषय करता येतात. व्हॉट्सॲप फक्त सूचनांपुरतं ठेवलं.

तिसरा निर्णय: पैसे आणि प्रदर्शन

सभागृहाच्या समितीतल्या एका वकील सदस्याने साधा प्रश्न विचारला, “दाखवायची परवानगी कुणाची?” गटाला वाटत होतं की सभासदत्वाचे पैसे भरले आहेत, म्हणजे दाखवता येतं. तसं नसतं. स्ट्रीमिंगचं सभासदत्व घरगुती, वैयक्तिक वापरापुरतं असतं. डीव्हीडी विकत घेतली तरी जाहीर प्रदर्शनाचा हक्क तिच्याबरोबर येत नाही.

कुणीतरी कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 52 कडे बोट दाखवलं. त्यात निवासी संकुलाच्या सामायिक सभागृहाला आणि नफा न मिळवणाऱ्या मंडळाला सूट आहे, हे खरं. पण ती सूट ध्वनिमुद्रण ऐकवण्याची आहे. चित्रपट किंवा मालिकेचा भाग दाखवण्याची नाही. गणपतीत सभागृहात गाणी लागतात म्हणून भागही दाखवता येईल, ही समजूत इथेच अनेक मंडळांना फसवते. त्याच कलमात हौशी मंडळाने पैसे न घेता प्रेक्षकांपुढे नाट्यकृती सादर करायला मुभा आहे. पण मालिकेची संहिता मराठीत उतरवून करायची तर भाषांतराचा हक्क पुन्हा मूळ मालकाचाच.

परवाना मागणं हा पर्याय प्रामाणिक होता, पण कुणाकडे मागायचा हे शोधण्यातच महिना गेला असता. ‘कोण बघतंय’ म्हणून तसंच दाखवावं असंही काहींचं मत होतं. समन्वयकांनी ते मानलं नाही, आणि आम्हाला ते योग्य वाटतं. ज्या मालिकेने परत यावं म्हणून आपण वर्षानुवर्षं थांबलो, तिचेच भाग परवानगीशिवाय तिकीट लावून दाखवणं कुठल्याच मोजमापात बसत नाही.

ठरलं ते असं. भाग प्रत्येकाने आपापल्या घरी, एकाच आठवड्यात पाहायचे. भेटीत चर्चा, प्रश्नमंजुषा आणि स्वतः लिहिलेली पंधरा मिनिटांची एकांकिका: मासुंदा तलावातला गाळ काढताना कडं सापडतं, आणि ते महापालिकेचं, पुरातत्त्व खात्याचं की लष्कराचं यावर बैठक भरते. पात्रं सगळी आपली, ठाण्याची.

जमलेले 300-300 रुपये सगळ्यांना परत केले. खर्चाचा कागद आधी ग्रुपवर ठेवला, मग माणशी 150 मागितले, आणि हिशेब दोघांकडे दिला. तारखेचाही फेरविचार झाला. आधी रविवार ठरला होता, पण रविवारी मेगाब्लॉक असला की ठाणे-वाशी-पनवेल वाहतूक दुपारी कित्येक तास बंद राहते आणि निम्मा गट नवी मुंबईचा. म्हणून सोमवार, 26 जानेवारी 2026, झेंडावंदन उरकून दुपारी. घोडबंदरऐवजी नौपाड्यातलं लहान सभागृह घेतलं, ठाणे स्टेशनवरून चालत जाता येईल असं.

कडं

पडदा गेला तेव्हा मध्यभागी काहीतरी हवंच होतं. काका म्हणाले, “कडं करू.” इतर गटांनाही उपयोगी पडेल म्हणून हा भाग तपशिलाने.

बाहेरचा व्यास 8 फूट, पट्टीची रुंदी 1 फूट. आख्खं कडं कुठल्याच दारातून जात नाही, तेव्हा तुकडे करावे लागणार. पहिला आराखडा नऊ तुकड्यांचा होता, दर तुकड्याला एक शेव्रॉन, 40 अंशांचा. तुकडा पावणेतीन फुटांचा, रिक्षातही मावणारा. पण मग चिन्हं कापली जातात. कड्यावर 39 चिन्हं. नवांनी भागली तर प्रत्येकी सव्वाचारच्या वर. ज्याने संगणकावर चित्र काढलं त्याला 36 चिन्हं मिळाली होती आणि ती नवात बरोबर बसत होती, म्हणून कुणाला शंका आली नाही. ते चित्र अटलांटिसच्या कड्याचं होतं. पेगासस दीर्घिकेतल्या कड्यांवर 36 चिन्हं असतात, पृथ्वीवरच्या कड्यावर 39. कापायला देण्याच्या आदल्या दिवशी एका नवख्या सदस्याने पहिल्या पर्वातलं दृश्य थांबवून मोजलं आणि चूक पकडली.

उपाय गणितातच होता. 39 म्हणजे तीन गुणिले 13. कडं 120 अंशांच्या तीन तुकड्यांत केलं की प्रत्येकात नेमकी 13 चिन्हं आणि तीन शेव्रॉन येतात. तिन्ही तुकडे एकाच साच्यातून निघतात, एकही चिन्ह कापलं जात नाही. तुकडा सुमारे सात फूट लांब आणि अडीच फूट रुंद होतो. रिक्षा विसरायची, छोटा टेम्पो लागतो.

दर्शनी बाजू 5 मिलिमीटर सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका बोर्ड. 8 बाय 4 फुटांच्या एका शीटमधून एकच तुकडा निघतो, म्हणून तीन शीट. उरलेल्या कोपऱ्यांतून शेव्रॉन. नुसता सनबोर्ड उभा केला की काही तासांत वाकतो, मागे लाकडी पट्ट्यांचा सांगाडा हवाच. जोड मागून प्लायच्या पट्टीने आणि नटबोल्टने, म्हणजे पुन्हा सोडवता येतं. पायाशी दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मुलं कड्यातून धावणार हे गृहीत धरून.

शेव्रॉनला एसजी-1 मध्ये नारिंगी-लाल उजेड, अटलांटिसमध्ये निळा, युनिव्हर्समध्ये पांढरा. सात चिन्हांच्या पत्त्याला सातच शेव्रॉन पेटतात: आधी उजवीकडचे तीन, मग डावीकडचे तीन, सातवा माथ्यावरचा. खालचे दोन अंधारात राहतात; आठवा दुसऱ्या दीर्घिकेसाठी, नववा डेस्टिनीसाठी. सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोडची एक फेरी झाली. 12 व्होल्टची एलईडी पट्टी, मीटरला 60 दिव्यांची, दर शेव्रॉनला 30 सेंटिमीटर. नऊ शेव्रॉन मिळून 2.7 मीटर, मीटरला 14.4 वॉट, म्हणजे सगळे पेटले तरी 39 वॉट. 12 व्होल्ट 5 अँपिअरचा ॲडाप्टर पुरला.

क्रमाने पेटवायला आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) आणि दर शेव्रॉनला एक मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच). पहिल्या चाचणीत शेव्रॉन मिणमिणले आणि मॉसफेट तापले. कारण आयआरएफ 540 वापरले होते. नॅनोच्या पायावरचे 5 व्होल्ट त्याला पूर्ण उघडायला पुरत नाहीत. आयआरएलझेड 44 एन बसवल्यावर उजेड पुरेसा आला. ही चूक इतकी नेहमीची आहे की दुकानात मागतानाच ‘लॉजिक लेव्हल’ असं सांगावं.

निष्पत्ती

26 जानेवारीला सभागृह भरलं. नोव्हेंबरमध्ये आलेल्या नव्या लोकांपैकी निम्म्याहून जास्त तोवर गळाले होते, पण जे आले त्यांनी यादी पाहिलेली होती आणि प्रश्नमंजुषेत त्यांनी जुन्यांना दोनदा गप्प केलं. एकांकिकेतल्या बैठकीला सर्वांत मोठी दाद मिळाली. युनिव्हर्सवाले आणि नवी-सुरुवातवाले यांची चर्चा तासभर चालली. मत कुणाचंच बदललं नाही, ग्रुपही कुणी सोडला नाही. हिशेबात थोडे पैसे उरले, ते टेम्पोच्या पुढच्या भाड्यासाठी ठेवले.

काय वेगळं करता आलं असतं

पोस्टर थांबवायला अर्धा दिवस लागला, तो तासाभरात थांबायला हवा होता. शेव्रॉन मोजणं हा नशिबाने सापडलेला पुरावा. पुढचं पोस्टर नऊ शेव्रॉनचं असेल. ग्रुपच्या माहितीतच दोन ओळी कायम हव्या होत्या: बातमी निर्मिती कंपनीच्या किंवा निर्मात्यांच्या स्वतःच्या खात्यावर आहे का, आणि नसेल तर पुढे पाठवायची नाही. शिवाय चूक दुरुस्त केल्याचा संदेश ज्याने पोस्टर जिथे जिथे पाठवलं त्यानेच तिथे तिथे द्यायचा, हे बंधन कुणी घातलं नाही. ते घालायला हवं होतं.

पैसे एकाच्या खात्यात गेले यात कुणाची नियत वाईट नव्हती. पण घोषणा आणि वसुली यांच्यात किमान आठवडा ठेवला असता तर परताव्याचा खटाटोप वाचला असता. सभागृहाची परवानगी, खर्चाचा कागद आणि मग क्यूआर कोड, हा क्रम उलटा झाला की पुढचं सगळं निस्तरत बसावं लागतं.

टेलिग्रामवर जाणं बरोबर होतं, उशिरा झालं. आणि ज्येष्ठ सदस्यांपैकी तिघं तिकडे गेलेच नाहीत. काकांनाही ते जमवून द्यायला कुणीतरी घरी जाऊन बसावं लागलं. माध्यम बदलताना प्रत्येक ज्येष्ठामागे एक तरुण जोडून द्यायला हवा होता.

यादीबद्दल आमचा एक मतभेद आहे. दोन डझन भागांत युनिव्हर्सचा एकही नाही, कारण तिच्यात वेचे निघत नाहीत. पण म्हणून नव्यांना एलीची ओढ का लागते हे कळतच नाही, आणि निम्मा वाद त्यांच्या डोक्यावरून जातो. ‘एअर’ हा तिचा तीन भागांचा आरंभ तरी जोडायला हवा होता.

कड्याचे तीन तुकडे सध्या एका सदस्याच्या सोसायटीच्या तळमजल्यावर आहेत आणि समितीने ते पावसाळ्याआधी हलवायला सांगितले आहे. सनबोर्डला ओल फारशी बाधत नाही, पण मागच्या लाकडी पट्ट्या फुगतात. हलवण्याआधी त्यांना वार्निशचे दोन हात द्यायचे ठरले आहे. नव्या मालिकेचं कडं कोणत्या रंगाचं निघतं ते कळेपर्यंत एलईडी पट्ट्या चिकटवायच्या नाहीत, नुसत्या क्लिपने धरायच्या.